सोळा ग्रॅम गंधक

एक एकर रब्बी ज्वारीला चार किलो बियाणे लागते. किलोला चार ग्रॅम या हिशेबाने त्याला चोळायचे गंधक भरते सोळा ग्रॅम. मुठीच्या तळाशी मावेल एवढी पिवळी पूड. ती बियाण्याच्या प्रत्येक दाण्याला नीट लागली, तर त्या शेतात ज्वारीवर दाण्याची काणी जवळजवळ पडत नाही. ही गोष्ट पुण्याच्या शेतकी खात्यातल्या माणसांनी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी तपासून, लिहून ठेवली आहे. तरी आजही फेब्रुवारीत नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात एखाद्या ज्वारीच्या पट्टीत शिरा, चार-दोन सऱ्या चाला, आणि पांढऱ्याशुभ्र मोत्यासारख्या कणसांमध्ये एखादे मळकट, राखाडी कणीस हाताला लागतेच. बोटाने दाबले की दाणा फुटतो आणि आतून काळी पूड उडते.

सरकारी कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, बोलण्यात अजून नगरच येते. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईच्या कुशीत भातखाचरे भरून वाहतात, आणि तिथून पूर्वेला-दक्षिणेला उतरत गेले की पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. प्रवरा-मुळेच्या पाटाखाली ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, पण पाट जिथे पोचला नाही तिथे माणसाला आणि गुराला जगवले ते दोनच धान्यांनी. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी. भाकरी माणसाला, कडबा आणि सरमाड जनावराला. या दोन्ही धान्यांच्या मागे आपापल्या बुरशा लागलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा बियाण्यावर बसूनच शेतात जातात. म्हणजे रोग आपणच घरातून उचलून, पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून, ओळीने पेरून येतो.

काणीचे वागणे समजले की हे पटते. रोगट कणसात दाण्याच्या जागी पिशवी तयार होते, दाण्याहून थोडी लांबट, पातळ पांढुरक्या सालीची. तिच्यात बुरशीचे असंख्य बीजाणू कोंबलेले असतात. उभ्या पिकात ती पिशवी बहुधा शाबूत राहते. खरा घात होतो खळ्यात. पूर्वी तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, आता मळणीयंत्र फिरते. दोन्हीत त्या पिशव्या फुटतात आणि काळी पूड चांगल्या दाण्यांवर जाऊन बसते. दाणा बाहेरून स्वच्छच दिसतो, कारण बीजाणू डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे नाहीत. पुढे सात-आठ महिने तो कणगीत, पोत्यात पडून राहतो आणि बीजाणूही त्याच्यासोबत जिवंत राहतात. पेरणी झाली, ओल मिळाली, की दाण्याला मोड येतो त्याच सुमारास बीजाणूलाही मोड येतो आणि बुरशी कोवळ्या कोंबात शिरते. त्यानंतर ती ताटाच्या वाढत्या शेंड्याबरोबर गुपचूप वर चढत राहते. पान पिवळे पडत नाही, ताट खुजे राहत नाही. कणीस बाहेर पडले की मगच कळते, आणि तेव्हा कुठलीही फवारणी उपयोगाची नसते. या रोगाला अडवण्याची जागा एकच: बियाणे जमिनीत जाण्याआधी.

म्हणूनच 'काणी नशिबाची असते' हे गावाकडचे वाक्य ऐकले की मला वाईट वाटते. काणीइतका नशिबाशी संबंध नसलेला दुसरा रोग शोधून सापडायचा नाही.

हे कोडे उलगडायला माणसाला वेळ लागला. युरोपात 1755 मध्ये तिले या फ्रेंच माणसाने प्रयोगाने दाखवले की गव्हाच्या काणीची काळी पूड निरोगी बियाण्याला फासली तर पुढच्या पिकात रोग येतो. त्याला ते विषासारखे काही असावे असे वाटले. ती जिवंत वस्तू आहे हे 1807 मध्ये प्रेव्हो याने सांगितले. त्याच्या लक्षात आले होते की तांब्याच्या भांड्याचा संबंध आलेल्या पाण्यात हे बीजाणू रुजत नाहीत. तिथून मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, बियाण्याच्या औषधात आले आणि पुढे शंभर वर्षे टिकले.

आपल्याकडे हे काम पुण्यात झाले. कृषी महाविद्यालयातले बुरशीशास्त्रज्ञ जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काणीरोगांवर लिहिलेली पुस्तिका पुसा येथील संशोधन संस्थेने 1918 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी हॅरल्ड मॅन इलाख्याचे शेतकी संचालक झाले. त्याआधी ते याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि दख्खनच्या खेड्यांत घरोघर फिरून त्यांनी कुणब्याच्या जमाखर्चाचा अभ्यास केला होता. या माणसांना एक गोष्ट नीट कळली होती: कोरडवाहू शेतकऱ्याकडे खर्चाला पैसा नाही, तेव्हा उपाय फुकटाच्या जवळ जाणारा हवा. मोरचुदाच्या पाण्यात बियाणे बुडवून वाळवणे हा उपाय स्वस्त होता, पण त्यात अडचणी होत्या. द्रावण तीव्र झाले तर उगवण मारली जायची. बियाणे भिजवले आणि पाऊस लांबला, वाफसा गेला, तर ते बियाणे सांभाळायचे कसे? नगरसारख्या मुलखात, जिथे हस्ताचा पाऊस येईल की नाही याची खात्री कुणालाच नसते, तिथे भिजवलेले बियाणे म्हणजे डोक्याला घोर.

त्यावर तोड काढली ती मुंबई इलाख्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ बी. एन. उप्पल आणि त्यांचे सहकारी एम. के. देसाई यांनी. कोरड्या भुकट्या चोळून दाण्याची काणी आटोक्यात येते का, याचे त्यांचे प्रयोग 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बारीक गंधक उपयोगी ठरले. पाणी नको, वाळवणे नको. आज चोळा, चार दिवसांनी पेरा, पाऊस आलाच नाही तर पंधरा दिवसांनी पेरा. उगवण बिघडत नाही. पूड मात्र बारीकच हवी, तीनशे मेशची, म्हणजे मैद्यासारखी. जाड गंधक दाण्याला चिकटत नाही. आजही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ज्वारीसाठी तेच गंधक आणि तेच चार ग्रॅम आहेत. शेतीतल्या फार थोड्या शिफारशी इतकी वर्षे जशाच्या तशा टिकल्या असतील. ज्वारीवर काणीचे एकूण चार प्रकार येतात. त्यातली दाण्याची आणि मोकळी काणी बियाण्यातून येते, ती गंधकाने थांबते. इतर दोन माती आणि वाऱ्यातून येतात, त्यांना गंधकाचा धाक नाही. हे सांगितले नाही तर शेतात एखादे रोगट कणीस दिसताच माणूस म्हणतो, गंधक चोळले तरी काणी आलीच.

बाजरीची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न फक्त उताऱ्याचा राहत नाही, ताटातल्या भाकरीपर्यंत येतो. बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिले, झिमझिम लागून राहिली, की कणसातून मधासारखा चिकट द्रव गळू लागतो. त्यावर मुंग्या, माश्या येतात. हा अरगट. काही दिवसांनी त्या जागी दाण्याऐवजी काळपट, कडक, वेडेवाकडे खडे दिसू लागतात. हे खडे म्हणजे बुरशीची गाठोडी; त्यात विषारी अल्कलॉइडे असतात. मळणीत ते बाजरीत मिसळतात, आणि निवडायचा आळस झाला तर जात्यात किंवा गिरणीत जातात. 1956-57 मध्ये त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी अरगटलेली बाजरी खाऊन विषबाधेची साथ आली. 1958 मध्ये तिच्यावर वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला आहे. अरगटाची बाजरी पोटात गेली की मळमळ, उलट्या, चक्कर, आणि मग गुंगी येते. युरोपात राय धान्याच्या अरगटाने मध्ययुगात माणसांची बोटे काळी पडून झडत. बाजरीच्या अरगटातली विषे वेगळ्या गटातली असल्यामुळे आपल्याकडे गोष्ट तिथवर जात नाही. पण घरातली सगळी माणसे जेवणानंतर काही तासांत एकदम आडवी झाली, तर त्या घरात काय हल्लकल्लोळ माजत असेल, त्याची कल्पना करावी. पूर्वी त्याला करणी म्हटले जाई, नाहीतर भाकरी बाधली एवढेच बोलून विषय संपवला जाई.

आणि याचा उपाय स्वयंपाकघरातला आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, म्हणजे वीस टक्क्यांचे द्रावण होते. त्यात बियाणे ओतून ढवळायचे आणि क्षणभर थांबायचे. अरगटाचे खडे, पोचट आणि किडके दाणे वर तरंगतात; भरदार दाणा तळाशी जातो. वरचे गाळून घ्यायचे आणि जाळायचे किंवा खोल पुरायचे, उकिरड्यावर टाकायचे नाही, कारण तिथून शेणखतातून ते परत रानातच जातात. तळाचे बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. धुण्यात कसूर झाली तर मीठ उगवणीच्या मुळावर येते. खायच्या बाजरीत काळे खडे दिसले तरी हीच रीत चालते, फक्त धुणे अधिक काळजीने करावे लागते. मिठाच्या या पाण्यात कुणाचे पेटंट नाही, दुकान नाही, जाहिरात नाही. म्हणूनच ते मागे पडले असावे, असे मला वाटते. ज्यातून कुणालाच चार पैसे सुटत नाहीत, ते शेतकऱ्याच्या कानी घालायला कोण येणार?

अर्थात मिठाने बियाण्यातला अरगट जातो, मागच्या हंगामात जमिनीवर गळून पडलेला जात नाही. त्यासाठी उन्हाळ्यात खोल नांगरट हवी आणि पिकाचा पालट हवा.

बाजरीचा दुसरा वैरी केवडा, शेतकरी त्याला गोसावी म्हणतो. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झिपरा झुपका येतो, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखा. नाव ठेवणाऱ्याची नजर किती बारीक असेल! या गोसाव्याने देशाला एकदा चांगलाच फटका दिला. 1965 मध्ये एचबी-1 हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला, मागोमाग एचबी-3 आला, उतारा वाढला, सगळीकडे एकाच रक्ताची बाजरी उभी राहिली. आणि 1971 मध्ये गोसाव्याची साथ आली. आदल्या वर्षी देशात सुमारे 80 लाख टन झालेली बाजरी 53 लाखांवर घसरली. नगर-बीडकडच्या लोकांच्या तोंडी 1972 चा दुष्काळ अजून आहे, पण त्याच्या तोंडावर बाजरीची अशी पडझड झाली होती हे फारसे कुणी सांगत नाही. पुढे मेटॅलॅक्झिल हे औषध आले. किलोला सहा ग्रॅम बियाण्याला चोळले की रोपाच्या पहिल्या नाजूक आठवड्यांत गोसाव्यापासून बचाव होतो. राहुरी विद्यापीठाने स्वतःचे संकरित वाण काढले. त्यातल्या दोघांची नावे श्रद्धा आणि सबुरी. ज्या जिल्ह्यात शिर्डी आहे, तिथल्या विद्यापीठाला दुसरी नावे कशी सुचावीत!

गव्हाकडे वळताना एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ज्वारीच्या दाण्याची काणी दाण्याच्या अंगावर बसते. गव्हाची मोकळी काणी, जिला काजळी म्हणतात, ती दाण्याच्या पोटात बसते. फुलोऱ्यात वाऱ्याने आलेले बीजाणू फुलात शिरतात आणि बुरशी थेट अंकुराच्या जागी मुक्काम करते. बाहेरून दाणा ठणठणीत, टपोरा. त्याला गंधक चोळणे म्हणजे आतल्या तापावर कपाळाला लेप लावण्यासारखे आहे. लायलपूरच्या कृषी महाविद्यालयात लुथ्रा आणि सत्तार यांनी 1934 मध्ये यावर उन्हाचा उपाय दिला. भर उन्हाळ्यात सकाळी चार तास गहू साध्या पाण्यात भिजवायचा, म्हणजे झोपलेली बुरशी ओलीने जागी होते. मग दुपारच्या रणरणत्या उन्हात पातळ पसरून कडकडीत वाळवायचा, म्हणजे जागी झालेली बुरशी उन्हाने मरते आणि दाणा वाचतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे सहज होण्यासारखे आहे. 1960 च्या दशकात कार्बोक्झिन हे दाण्याच्या आत शिरणारे औषध निघाले आणि हा खटाटोप मागे पडला. आता कार्बोक्झिन व थायरम यांचे तयार मिश्रण मिळते, किलोला तीन ग्रॅम.

औषध आले तशी त्याची धास्तीही आली पाहिजे. एकेकाळी पाऱ्याची भुकटी बियाण्याला चोळण्याची शिफारस जगभर होती, भारतातही होती. 1971 च्या अखेरीस इराकमध्ये दुष्काळानंतर परदेशातून गव्हाचे बियाणे आले, मोठा हिस्सा मेक्सिकोहून. त्याला पाऱ्याचे औषध लावून लाल-गुलाबी रंग दिला होता. पोत्यांवर इशारा होता, पण शेतकऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. बियाणे पोचले तेव्हा अनेक ठिकाणी पेरणी उरकली होती आणि घरात खायला नव्हते. लोकांनी रंग धुतला, विष गेले असे समजले आणि रोट्या केल्या. पारा लगेच दिसत नाही. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, अंधत्व हे सगळे काही आठवड्यांनी सुरू झाले. 6,530 माणसे रुग्णालयात आली आणि त्यातली 459 दगावली. पारा आता बियाण्याच्या औषधांतून गेला, तरी थायरम काय, कार्बेन्डाझिम काय, पोटात घालायच्या वस्तू नव्हेत. 2020 मध्ये केंद्र सरकारने ज्या 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ही दोन्ही नावे होती. 1966 च्या बियाणे कायद्याखाली 1968 मध्ये झालेल्या नियमांत प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर ते खाण्यासाठी, चाऱ्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये असे छापणे बंधनकारक आहे. ते मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह असावे, एवढी मागणी करायला इराकची आठवण पुरेशी आहे. पेरून उरलेले रंगीत बियाणे कोंबड्यांपुढे टाकणे, दळणात मिसळणे, त्याच पिशवीत डाळ भरून ठेवणे हे प्रकार थांबलेच पाहिजेत.

मग आज अडते कुठे? संकरित बाजरीचे पुडके दुकानातून येते ते रंग आणि औषध लावूनच येते. पण रब्बी ज्वारीचे तसे नाही. मालदांडी 35-1 हा मोहोळच्या केंद्रात 1930 च्या दशकात निवडलेला वाण आजही घरच्या बियाण्यावर चालतो. राहुरीने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा असे सरळ वाण दिले. तेही एकदा आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचेच धरले जातात. यात गैर काही नाही, उलट शहाणपण आहे. मात्र घरच्या बियाण्याला गंधक लावून देणारा कारखाना नसतो. म्हणजे ज्याची जमीन सर्वांत कोरडी आणि खिसा सर्वांत हलका, त्याचेच बियाणे उघडे राहते. त्याला सोळा, फार तर बत्तीस ग्रॅम गंधक हवे असते आणि दुकानात ते किलोच्या पिशवीत मिळते. तालुक्याला वर्षातून एकदा बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करून छायाचित्र काढण्यापेक्षा वीस-वीस ग्रॅमच्या पुड्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक सोसायटीत ठेवणे कृषी खात्याला अवघड नाही. खर्च नगण्य आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी मातीच्या घरात गावरान बियाण्याची बँक उभी केली, बायफ संस्थेने तिला हातभार लावला. अशा घरांमधून बियाणे राखेत ठेवण्याची, कडूलिंबाचा पाला घालण्याची, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपण्याची जुनी रीत टिकली आहे. राखेने दाणा कोरडा राहतो, भुंगेऱ्याला त्रास होतो, आणि ओल नसली की साठवणीतल्या बुरशीला वाढता येत नाही. हा उपाय खरा आहे. काणीचा बीजाणू मात्र राखेने मरत नाही, म्हणून मडक्यातून काढलेल्या बियाण्याला पेरताना गंधक लागतेच. आजीची राख आणि विद्यापीठाचे गंधक यांत भांडण लावू नये. एकाची वेळ साठवणीची, दुसऱ्याची पेरणीची.

बीजप्रक्रियेकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. रब्बी ज्वारीचा खडखड्या जमिनीतून येतो. ओल तुटली की ताट पोकळ होऊन लोळते, तिथे ओल टिकवणे आणि सहनशील वाण हाच मार्ग. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडते, तिलाही पेरणीवेळचे औषध पुरत नाही. त्या काळ्या दाण्याकडे फक्त भावाच्या नजरेने पाहू नये. 1995 मध्ये अवेळी पावसात भिजून बुरसलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरील 27 गावांत पोटदुखीची आणि हगवणीची साथ आली होती, आणि त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले होते. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की ज्वारी पक्व झाली समजून कापावी, खळ्यावर वाळवावी, आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा असताना पोत्यात भरू नये.

नोव्हेंबर लागतो तेव्हा ज्वारी गुडघ्याला आलेली असते, तिचे त्या वर्षीचे गंधक लागलेले असते किंवा राहून गेलेले असते. गव्हाची पेरणी मात्र त्याच सुमारास असते. बागायतीत वेळेवरची पेरणी 15 नोव्हेंबरपर्यंत धरतात. तेव्हा एवढे करा. घरच्या गव्हाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने मोजा. पंच्याऐंशी उगवले तर बियाणे चांगले. पेरणीच्या आदल्या दिवशी ताडपत्रीवर पसरून, हातमोजे घालून, आधी बुरशीनाशक चोळा, कीटकनाशक लावायचे असेल तर त्यानंतर, आणि ॲझोटोबॅक्टरसारखी जिवाणू खते सर्वांत शेवटी, गुळाच्या पाण्यात, पेरणीच्या तोंडावर. सावलीत सुकवा. पोरे आणि कोंबड्या लांब ठेवा. आणि फेब्रुवारीत ज्वारी काढायला लागाल तेव्हा मळणी सुरू व्हायच्या आधी उभ्या रानात एक फेरी मारा. काणीचे कणीस दिसले की हलक्या हाताने पिशवीत घेऊन कापा आणि बांधाबाहेर नेऊन जाळा. बियाण्याची कणसे त्यानंतर निवडा आणि वेगळी मळा.